नागराजच्या अंगावरचे खवले

हिंदी कॉमिक्स धुळ्याला कधीच परकी वाटली नाहीत. मुंबई-आग्रा रस्ता आमच्या दारातून जातो, शिरपूर ओलांडलं की मध्य प्रदेश लागतो. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि पडद्यावर हिंदी, अशा वातावरणात वाढलेल्या पोरांना ‘नागराज’ वाचायला अनुवाद कशाला लागतो? पण दिल्लीहून येणाऱ्या या हिंदी नायकाला अंगकाठी दिली ती पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. मराठी चित्रकलेच्या इतिहासात या कामाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

नागराजचा पहिला अंक 1986चा. प्रकाशक राजकुमार गुप्ता यांचं राज कॉमिक्स, लेखक परशुराम शर्मा. शर्मा मूळचे रहस्यकादंबऱ्यांचे लेखक, आणि ते कथेत दिसतं. प्रोफेसर नागमणी नावाचा शास्त्रज्ञ नागराजला भाड्यानं देण्याचं हत्यार म्हणून घडवतो. दहशतवाद्यांनी पैसे मोजायचे आणि नागराजनं त्यांचं काम करायचं. पहिल्याच कामगिरीवर, देवीची मूर्ती पळवताना, त्याची गाठ बाबा गोरखनाथांशी पडते. डोक्यात बसवलेली ताबा ठेवणारी कुपी ते काढून टाकतात आणि नागराज स्वतःचा धनी होतो. मग ज्यांच्यासाठी त्याला घडवलं, त्यांच्याच मागे तो देशोदेशी लागतो. आदल्याच वर्षी ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटात पडलं होतं. दहशतवाद हा शब्द रोजच्या वर्तमानपत्रात होता. शर्मांची गोष्ट त्याच हवेत जन्मली, असं मला वाटतं.

खानदेशी वाचकाला मात्र त्यात आणखी एक ओळखीचा धागा सापडतो. आपल्याकडे घरोघरी ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीचं पारायण होतं. शके 1741 म्हणजे 1819 साली धुंडीसुत मालूंनी ती चाळीस अध्यायांत रचली. मंत्रानं अस्त्रं सोडणारे, सर्पांना वश करणारे नाथ ज्यानं आजीच्या तोंडून ऐकलेत, त्याला गोरखनाथांनी एका विषारी माणसाला सोडवणं मुळीच अचाट वाटत नाही. अमेरिकी सुपरहिरोच्या साच्यात ही गोष्ट बसवणाऱ्यांनी हा भाग फारच हलका धरला आहे.

आता चित्रं. मुळीक यांचा हात ‘अमर चित्रकथा’त तयार झाला होता. ‘शिवाजी’चा अंक त्यांचा, ‘गीता’ही त्यांचीच. पुराण आणि इतिहास रंगवताना चित्रकाराला उघडं, पिळदार शरीर काढावं लागतं, आणि ते देवाचं किंवा वीराचं असल्यामुळे त्यात तोल आणि डौल लागतो. नागराज उभा राहतो तो त्याच डौलात. 1983च्या सुमारास त्यांनी अमिताभ बच्चनवर बेतलेला ‘सुप्रीमो’ काढला होता, गुलजार त्याचे पटकथा-सल्लागार. गुलाबी पोशाख, गॉगल, खांद्यावर शाहीन नावाचा ससाणा. पण तिथं ओळखीच्या नटाचा चेहरा सांभाळायचा होता. नागराजमध्ये तो जाच नव्हता.

जाच होता तो खवल्यांचा. नागराजची कातडीच हिरवी, खवल्यांची. म्हणजे प्रत्येक चौकटीत, दंड वळला की खवल्यांची ओळ वळायला हवी, छाती फुगली की ती ताणायला हवी. चुकलं तर कातडीचा कपडा होतो. शिवाय त्याच्या रक्तात राहणारे सूक्ष्म सर्प मनगटातून झेपावतात, तेव्हा नजर हातापासून शत्रूपर्यंत त्यांच्याच वळणानं नेली पाहिजे. त्यात शर्मांचे संवाद लांबलचक. देवनागरी ओळींना वरखालच्या मात्रांसाठी उंची लागते, फुगे चौकटीचा वरचा भाग खातात. उरलेल्या जागेत मारामारी दाटीवाटीची न वाटता मांडणं हे मुळीकांचं खरं कसब. वर बोलणं, खाली हालचाल, आणि दोन्हींच्या मधोमध चेहरा. त्या अंकांची पानं पुन्हा चाळताना माझी नजर आजही याच मांडणीवर खिळते.

मुळीकांखेरीज संजय अष्टपुत्रे यांनीही नागराज काढला. पुढे अनुपम सिन्हांनी त्याला अधिक चपळ, अधिक आधुनिक केलं. त्या अंकांत शाईकामासाठी विठ्ठल कांबळे यांचं नाव दिसतं. पेन्सिलीच्या रेषेवर ब्रश फिरवणाऱ्याचं श्रेय सहसा कुणी देत नाही, म्हणून ते इथं नोंदवतो.

‘अमर चित्रकथा’चा हाच वारसा राज कॉमिक्सच्याच ‘भोकाल’ या नायकातही दिसतो. कथा संजय गुप्तांची, चित्रं कदम स्टुडिओची, म्हणजे दिलीप कदम यांची. ‘अमर चित्रकथा’च्या 42 भागांच्या महाभारताची चित्रं कदमांचीच. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. भोकालच्या ढाल-तलवारीची पकड, उत्तरीयाची चुणी, युद्धात मागे रेललेली मान, सगळं कुरुक्षेत्रावरून थेट आलेलं आहे.