वायरफ्रेम रेखाटन

वायरफ्रेम म्हणजे संकेतस्थळ, मोबाइल अ‍ॅप किंवा संगणकप्रणाली यांच्या पडद्याचा प्राथमिक आराखडा होय. मजकूर, चित्रे, बटणे व रकाने कोठे असावेत आणि एका पडद्यावरून दुसऱ्यावर कसे जावे, हे त्यात दाखवतात. रंग व सजावट बहुधा वगळतात. असा आराखडा कागदावर हाताने किंवा संगणकीय साधनांच्या साहाय्याने काढता येतो. माध्यमाची निवड त्या टप्प्यावर कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, यावर अवलंबून असते.

हस्तरेखाटन

हस्तरेखाटनात फुली मारलेला चौकोन चित्राची, तर नागमोडी रेघ मजकुराची जागा दाखवते. एका बैठकीत अनेक पर्याय काढून नको असलेले टाकून देता येतात. रचनाकार बिल बक्स्टन यांनी २००७ मधील ‘स्केचिंग युजर एक्स्पीरियन्सेस’ या ग्रंथात रेखाटन प्रश्न विचारते, तर नमुना उत्तर देतो, असा भेद केला आहे.

कागदी रेखाटनांवर चाचणीही घेता येते. वापरकर्ता कागदावरील बटणावर बोट ठेवतो आणि संगणकाची भूमिका घेतलेली व्यक्ती त्यानुसार पुढील कागद समोर ठेवते. वापरकर्ता कोठे अडखळतो, हे प्रोग्रॅम लिहिण्याआधीच कळते.

संगणकीय साधने

पडद्यावर रेखाटन करण्याची कल्पना आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ (१९६३) या प्रणालीपर्यंत मागे जाते. वायरफ्रेमसाठीच्या साधनांपैकी ‘बाल्सामिक’ २००८ मध्ये आले. त्यातील आकृत्या मुद्दाम हाताने काढल्यासारख्या दिसतात. ‘फिग्मा’ २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते ब्राउझरमध्ये चालत असल्याने अनेकांना एकाच आराखड्यावर एकाच वेळी काम करता येते.

अशा साधनांत एकदा तयार केलेला घटक सर्व पडद्यांवर वापरता येतो, मूळ घटकातील बदल सर्वत्र उमटतो आणि मापे नेमकी राहतात. मात्र आराखडा नीटनेटका दिसल्याने तो अंतिमच आहे, असा समज होण्याचा धोका असतो. पाहणारा मग मूळ मांडणीविषयी शंका न घेता किरकोळ तपशिलांवर बोलतो.

मराठी इंटरफेसमधील प्रश्न

देवनागरीत वेलांटी, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली येतात. त्यामुळे रोमन लिपीच्या मापाने आखलेल्या ओळीत मात्रा कापल्या जाण्याची शक्यता असते. ‘सबमिट’ऐवजी ‘सादर करा’ किंवा ‘पासवर्ड’ऐवजी ‘परवलीचा शब्द’ लिहिल्यास बटणाची व रकान्याची रुंदीही बदलते.

या बाबतीत दोन्ही माध्यमे फसवू शकतात. कागदावरील नागमोडी रेघ शब्दांची लांबी लपवते. संगणकावरील लॅटिन भरणा-मजकूर मात्रांची उंची लपवतो. तयार घटकसंचांत नावासाठी अनेकदा दोनच रकाने असतात, तर महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी त्रिपदी पद्धत रूढ आहे. म्हणून खरा मराठी मजकूर पहिल्या आराखड्यापासूनच लिहिणे हितावह ठरते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अंतर्गत येणाऱ्या अनेक सेवांसाठी ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. अशा कोणत्याही ऑनलाइन अर्जात सूचना अर्धवट दिसली किंवा रकाना अपुरा पडला, तर अर्जदाराचे काम अडू शकते.

कागदाची मर्यादा दाखवणारे उदाहरण म्हणजे आयआयटी मुंबईत विकसित झालेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक. त्यात व्यंजनावर बोट ठेवताच त्याची स्वरयुक्त रूपे भोवती चक्राकार दिसतात आणि बोट सरकवून हवे ते रूप निवडता येते. या चक्राची मांडणी कागदावर काढता येईल. पण बोटाखाली अक्षर झाकले जाते का किंवा टंकनाला किती वेळ लागतो, हे प्रत्यक्ष फोनवरच तपासावे लागते.

शिक्षण

आयआयटी मुंबईतील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. आता ते ‘आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन’ म्हणून ओळखले जाते. पुणे जिल्ह्यात लोणी काळभोर येथील राजबाग परिसरात एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था असून तेथे वापरकर्ता अनुभव रचना हा विषय शिकवला जातो. व्यवहारात दोन्ही माध्यमे क्रमाने वापरली जातात: पर्याय शोधताना कागद, आणि निवडलेल्या पर्यायाची मापे, दुवे व हाताळणी तपासताना संगणक.