उलटा वाचायचा तक्ता

संकलनाची सूत्रं म्हणजे विकलनाखेरीज पाठ करायचा आणखी एक तक्ता, असं बारावीचे अनेक विद्यार्थी धरून चालतात. पण हा तक्ता नवा नाहीच. विकलनाचा तक्ता उजवीकडून डावीकडे वाचला की तो संकलनाचा होतो. क्ष³ चं विकलन ३क्ष², म्हणून क्ष² चं संकलन क्ष³/३. एवढं ध्यानात असलं तर उत्तरसूचीही लागत नाही. आलेल्या उत्तराचं विकलन करायचं, मूळ फल परत मिळालं पाहिजे. सगळ्यात रुजलेली चूक याच कसोटीवर उघडी पडते. बेरजेचं संकलन पदवार करता येतं, मग गुणाकाराचं का नाही? क्ष गुणिले क्ष घ्या. दोघांचं वेगवेगळं संकलन करून गुणलं तर क्ष⁴/४ येतं आणि त्याचं विकलन क्ष³. हवं होतं क्ष². गुणाकाराच्या विकलनात दोन पदं येतात; तो नियम उलटवला की मिळतं ते खंडशः संकलन, नुसता गुणाकार नव्हे. १/क्ष ला घाताचा नियम लावला तर शून्याने भागायची वेळ येते. तिथे लॉगॅरिदमच हवा.

शेवटचा ‘+ सी’ बहुतेक जण मार्क जाऊ नये म्हणून लिहितात. वास्तविक स्थिरांकाचं विकलन शून्य असल्याने उलट येताना तो कोणता होता हे कळायला मार्गच नसतो. साइन क्ष गुणिले कोसाइन क्ष याचं संकलन एका पद्धतीने साइन²क्ष/२ येतं, दुसरीने −कोसाइन²क्ष/२. दोन्ही बरोबर, त्यांतला फरक नेमका १/२ आहे. निश्चित संकलनात स्थिरांक वजाबाकीत उडतो, मग त्याचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. तो उडतो म्हणूनच तर दोन्ही पद्धतींनी एकच किंमत मिळते.

नुसतं उलटं वाचायचं, तर संकलन इतकं छळतं का? हा आक्षेप रास्त आहे. गुणाकार करणं आणि अवयव पाडणं यांत जो फरक, तोच इथे. ताळा सोपा असतो, शोध नाही. आणि कधी शोधायला सूत्रच नसतं. ‘ई’चा −क्ष² हा घात घ्या. त्याच्या वक्राखालचं संपूर्ण क्षेत्रफळ नेमकं √π भरतं, पण त्याचं संकलन ओळखीच्या फलांत मांडताच येत नाही. अशा अशक्यतेची सिद्धता कशी द्यायची, हे फ्रेंच गणिती ल्यूव्हिल यांनी १८३०च्या दशकात दाखवलं. संख्याशास्त्राच्या पुस्तकामागे प्रसामान्य वितरणाचं कोष्टक छापावं लागतं, ते यामुळेच; त्या वितरणाचा वक्र याच फलावर आधारलेला असतो.