माळ्यावरील ओझें

दिवाळीपूर्वीं घराची झाडलोट होते, तेव्हां माळ्यावरून गळके हंडे, दांडी तुटलेल्या छत्र्या, मुलांना आंखूड झालेले सदरे खालीं येतात. आणि बहुधा पुसून-झटकून पुन्हां वरच जातात. ह्यास केवळ आळस कारण नसतो. एका वस्तूस आठवण चिकटलेली असते, दुसरीस मोजलेले रुपये, आणि तिसरीस ‘कधीं तरी लागेल’ ही धास्ती. वस्तु हातीं घेतली, कीं ह्यांपैकीं कोणती गांठ सुटत नाहीं तें उमगतें. आवराआवरीचा पहिला धडा हाच.

पतंजलींनीं योगसूत्रांत सांगितलेल्या ५ यमांत अहिंसा, सत्य, अस्तेय व ब्रह्मचर्य ह्यांनंतर अपरिग्रह येतो. अपरिग्रह म्हणजे दारिद्र्य नव्हे. गरजेपलीकडील संचय न करणें होय. मराठी गृहिणीनें हें तत्त्व आपल्या परीनें आचरिलें. विरलेल्या लुगड्याची गोधडी होई. जुने कपडे बोहारणीकडे जात व त्यांच्या बदल्यांत भांडें घरांत येई. फेकण्याचा प्रसंग क्वचितच येई.

दुसरा धडा अधिक गंभीर आहे. माणूस गेल्यावर त्याचें कपाट मुलांना उघडावें लागतें. कोणतें पत्र जपावयाचें, कोणती पावती फाडावयाची, हें सांगणारा त्या वेळीं नसतो. म्हणून हातपाय चालत आहेत तोंवर ही निवड ज्याची त्यानेंच करावी. एखादी वस्तु तिच्या हकीकतीसह नातवाच्या हातीं द्यावी. बाकीच्या गरजवंतांकडे जाव्या. देतांना हात क्षणभर अडखळतो. परंतु आजोबांच्या तोंडून ऐकलेली हकीकत ती वस्तु झिजल्यावरहि घरांत राहते.