विमानाचा वेळ मोजावा घरच्या उंबऱ्यापासून



16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे प्रवासी विमान सुरू झाले आणि 'पावणेदोन तासांत मुंबई' असे आपल्याकडेही लोक म्हणू लागले. हे खोटे नाही. पण पुरते खरेही नाही. घरातले आजारी माणूस मुंबईला न्यायचे असेल, तर यातला फरक आधीच समजून घ्यावा.

कापूस विकताना आपण नुसता भाव पाहत नाही. गाडीभाडे, हमाली, तोलाई जाऊन हातात काय उरते ते पाहतो. प्रवासाच्या वेळेचाही हिशेब तसाच करावा.

अंतर जवळ, तरी वेळ जास्त का?

अमरावती ते मुंबई आकाशातून सरळ रेषेत सुमारे 550 किलोमीटर आहे. नागपूर ते मुंबई सुमारे 690. तरी नागपूरचे विमान दीड तासात पोहोचते. कारण तिकडे जेट विमाने आहेत. त्यांचा वेग ताशी 800 किलोमीटरांच्या घरात असतो. अमरावतीची सेवा सुरू झाली ती पंख्याच्या, सत्तरेक आसनांच्या एटीआर विमानाने. त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, मुंबईवर उतरायला वाट पाहणे, हा वेळही तिकिटावरच्या वेळेत धरलेला असतो.

अकोट ते परळ

आता परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंतचा अंदाजी हिशेब मांडू.

विमानाने: अकोट ते बेलोरा शंभरेक किलोमीटर, अडीच तास. विमानतळावर आधी पोहोचणे, दीड तास. विमानात पावणेदोन तास. सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. तेथून गर्दीतून परळ, सव्वा तास. एकूण साडेसात तास.

रेल्वेने: अकोट ते अकोला 45 किलोमीटर, सव्वा तास. स्थानकावर पाऊण तास. दादरपर्यंत साडेनऊ तास. तेथून परळ, अर्धा तास. एकूण बारा तास.

तिकिटे पाहिली तर पावणेआठ तास वाचलेले दिसतात. उंबऱ्यापासून मोजले तर साडेचारच वाचतात.

मग निवड कशी करावी?

संध्याकाळच्या गाडीने निघाले की रात्र झोपेत जाते आणि सकाळी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहता येते. विमानाने दिवसा पोहोचलात आणि तपासणी दुसऱ्या दिवशी असली, तर मुक्कामाचा खर्चही धरावा लागतो. ही सेवा आठवड्यातून तीनच दिवस अशी सुरू झाली होती; म्हणून वार व वेळ पक्की केल्याशिवाय डॉक्टरांची तारीख घेऊ नये.

मात्र ज्या रोग्याला रात्रभराचा गाडीचा प्रवास सोसत नाही, त्याच्यासाठी वाचलेले साडेचार तास मोलाचे आहेत. अशा वेळी पैशाकडे पाहू नये. पण डॉक्टरांना विचारूनच विमानात बसवावे. शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर त्यांचा दाखला जवळ ठेवावा. चाकाची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच सांगावे. प्रत्येकाचे ओळखपत्र बरोबर असावे आणि हातातल्या पिशवीत सुरी, विळा राहू देऊ नये.

निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून हा हिशेब कागदावर मांडावा. आपला रोगी, आपली तारीख आणि आपली ऐपत, तिन्ही पाहूनच तिकीट काढावे.