सैलाब

सहावीच्या वर्गात उर्दूचा तास चालू होता. शब्दार्थ सांगताना मी फळ्यावर लिहिले, ‘सैलाब म्हणजे पूर’. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. आदल्या वर्षी, 22 जुलै 2021 ला, चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरलेल्या घरांपैकी एक तिचे. म्हणाली, “टीचर, अर्थ एकच तर शब्द दोन कशाला?”

सैलाब हा जोडशब्द आहे. ‘सैल’ अरबी, ‘आब’ फारसी. आब म्हणजे पाणी. पंजाब, तेजाब यांत तेच आहे आणि आपल्या मराठी ‘अब्रू’तही तेच, चेहऱ्याचे पाणी. (‘शराब’मध्ये मात्र नाही, तो शब्द ‘पिणे’ या अरबी धातूपासून आला. मुले इथे हमखास फसतात.) खरे तर सैलला पाणी जोडायची गरजच नव्हती. सैल म्हणजेच लोंढा, धावते पाणी. फारसीने त्यावर आणखी पाणी ओतले! लिहिताना तो सीनने लिहायचा, स्वादने नव्हे.

अरबस्तानातल्या दऱ्या बहुतेक काळ कोरड्या असतात. डोंगरावर जोराचा पाऊस झाला की त्याच दरीतून पाणी धावत येते. मक्का शहर अशाच दरीत वसलेले आहे. हिजरी 17 मध्ये आलेल्या सैलने मकाम-ए-इब्राहीम जागेवरून वाहून नेला. हजरत उमर (रजि.) मदीनेहून आले, तो पुन्हा जागेवर बसवला आणि पाणी अडवायला बांध घातला.

कुरआनच्या सूरह सबामध्ये यमनमधल्या बागा उद्ध्वस्त करणारा आहे तो सैल. मारिबच्या त्या धरणाचे अवशेष आजही उभे आहेत. सूरह रअदमध्ये मात्र दाखला वेगळा आहे : सैलवर आलेला फेस निघून जातो, लोकांच्या उपयोगाचे ते जमिनीत राहते. हजरत नूह (अलै.) यांच्या काळच्या पाण्याला सूरह अन्कबूतमध्ये ‘तूफान’ म्हटले आहे. आपण मराठीत तुफान म्हटले की आधी वारा आठवतो.

आणि पूर? तो संस्कृतातल्या ‘भरणे’ या अर्थाच्या धातूचा. पूर्ण, पुरवणे, इतकेच काय, पोळीत भरायचे पुरणसुद्धा त्याच घरातले. म्हणजे सैल धावतो आणि पूर भरतो. कोकणात कोणी ‘पूर आला’ म्हणून थांबत नाही, ‘पाणी भरलं’ म्हणतात.

“मग आमच्याकडे काय आलं होतं?” तिने विचारले.

मी तिलाच विचारले, तू काय पाहिलेस?

“आधी धावत आलं. मग भरत गेलं, जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत. अब्बा पायऱ्या मोजत होते.”

तिने वहीत सैलाब लिहिले, सीनने. त्याच्याखाली मराठीत, पाणी भरलं. मी दोन्हींवर बरोबरची खूण केली.