रॅम्पवरची उधारी

गॅदरिंगचा फॅशन शो जवळ आला की हॉस्टेलमध्ये ब्लेझर शोधायची पळापळ सुरू होते. दोन मिनिटांचा वॉक, टाळ्या, शिट्ट्या, संपलं! पण मंडळी, ज्यांचं पोटच रॅम्पवर आहे त्यांचं काय? त्यातही सोळा-सतरा वर्षांच्या पोरींचं?

न्यूयॉर्कचंच उदाहरण घेऊ. ब्राझील किंवा पूर्व युरोपातल्या एखाद्या छोट्या गावातून मुलगी तिथे येते. तिकीट एजन्सी काढते, राहायला जागा एजन्सी देते, फोटोंचा खर्चही तीच करते. वाटतं, किती भली माणसं! पण हे सगळं तिच्या नावावर उधार मांडलेलं असतं. एका फ्लॅटमध्ये अनेक जणी कोंबायच्या आणि प्रत्येकीकडून वेगळं भाडं घ्यायचं, असे प्रकार वर्षानुवर्षं चालले. काम मिळालं की आधी कमिशन कापणार, मग उधारी. कधीकधी तर मजुरी म्हणून पैशांऐवजी कपडेच हातात!

कायद्याची मेख अशी की मॉडेल ही कागदोपत्री नोकर नसते, 'स्वतंत्र कंत्राटदार' असते. म्हणून किमान वेतनासारखे नियम तिला लागू होत नाहीत. एजन्सीही स्वतःला 'मॅनेजमेंट कंपनी' म्हणवते. काम मिळवून देणं हे म्हणे तिचं जोडकाम! म्हणून नोकरी देणाऱ्या एजन्सीचे नियम तिलाही नाहीत. आता अशा मुलीशी एखादा फोटोग्राफर वाईट वागला, तर तिने सांगायचं कुणाला? बोललं तर काम बंद, उधारी मात्र चालूच. म्हणजे प्रश्न एकट्यादुकट्या वाईट माणसाचा नाही, सगळ्या रचनेचा आहे.

बदल घडवला तो मॉडेल्सनीच. चौदाव्या वर्षी या धंद्यात आलेल्या सारा झिफने २०१२ मध्ये 'मॉडेल अलायन्स' ही संस्था काढली. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात १८ वर्षांखालील मॉडेल्सना बालकलाकारांचं संरक्षण मिळालं. कामाचे तास ठरले, कमाईचा काही भाग त्यांच्या नावे ट्रस्टच्या खात्यात जाऊ लागला. पुढे 'फॅशन वर्कर्स अ‍ॅक्ट'वर डिसेंबर २०२४ मध्ये सही झाली आणि जून २०२५ पासून तो लागू झाला. आता कमिशन २० टक्क्यांच्या वर नाही, डिपॉझिट मागायचं नाही, कराराची प्रत द्यायचीच. कॉम्प्युटरवर मॉडेलची हुबेहूब प्रतिकृती करून वापरायची असेल, तर तिची वेगळी लेखी परवानगी हवी.

हे सगळं आपल्याला कशाला, असं वाटेल. पण कॅम्पसला आलेल्या कंपनीचा बॉण्ड आपल्यातले किती जण पूर्ण वाचतात? उद्या सही करायची वेळ आली की एवढंच विचारा : मी मधेच सोडून गेलो, तर कोण कुणाचं देणं लागतं? उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या!