संधिवात की कामाचा शीण?

सोलापुरात विडी वळणाऱ्या, मागावर राबणाऱ्या हातांना बोटे दुखणे नवे नाही. पण सकाळी तासभर बोटे आखडत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो.

काय घडते?
रोगप्रतिकारक पेशी सांध्याच्या अस्तरात जमून 'सायटोकाइन' ही निरोप देणारी प्रथिने सोडतात. 'टीएनएफ', 'इंटरल्युकिन-६' ही त्यांतली प्रमुख. त्यांच्या निरोपावर आणखी पेशी येतात. सूज वाढते, हाड झिजते.

उपचार काय?
सुरुवात बहुधा मेथोट्रेक्सेटने होते. १९९२ मध्ये लंडनमध्ये रविंदर मैनी व मार्क फेल्डमन यांनी टीएनएफ रोखणारे औषध रुग्णांना देऊन पाहिले. मात्र हेच टीएनएफ क्षयाचे जंतू कोंडून ठेवते. म्हणून औषधाआधी क्षयाची तपासणी हवीच.